डबीची पाठ

रिबेका, तुला माती देऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी हात धूत होतो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. मी गर्दी बघत होते. तुमच्या यहुदी समाजाची माणसं मूठभर, बाकी सगळी आपल्या कॉलेजची पोरं. त्यातही बी.एस्सी.ची कमीच. जास्त होती ती आर्ट्स-कॉमर्सची, रसायनशास्त्राशी ज्यांचा जन्मात संबंध यायचं कारण नव्हतं अशी. कामोठ्याचा तो दांडगा जिमवाला मुलगा भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. मला वाटलं, उद्या मी गेले तर माझ्यासाठी असं कोण रडेल? माझी पोरं फार तर विचारतील, जर्नल आता कोण तपासणार.

म्हणजे बघ, तुला पुरून परत येतानाही मी तुझ्यावर जळत होते. तुझ्याशी गोड बोलायची मला सवय नाही, आता कशाला लावून घेऊ? आपण एकाच विभागात, समोरासमोरच्या टेबलांवर अख्खी नोकरी काढली. डबा वाटून खाल्ला, पेपर वाटून तपासले. डॉक्टरेट माझी, विभागातले शोधनिबंध माझे, आणि पोरांच्या तोंडी नाव मात्र तुझं. हा कुठला न्याय, हे मी तुला कितीदा तरी विचारलं असेल. तू हसायचीस आणि माझ्या डब्यातला सुरमईचा तुकडा उचलायचीस.

पण आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. आईने रक्ताची गोळी बंद केली आहे. तू गेल्याचं तिला सांगितलं, त्या दिवसापासून. हिमोग्लोबिन आधीच तळाला गेलेलं. डॉक्टर म्हणाले, असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून रक्त चढवावं लागेल, आणि या वयात ते शरीराला कितपत मानवेल सांगता येत नाही. माझं समजावून झालं, ओरडून झालं, केळ्यात घालून झालं. केळं खाल्लं आणि गोळी बरोबर बाजूला काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणते, "मना नको तुजी गोली." तुजी म्हणजे माझी. तुझ्या हातची चालायची. सांग, यावर मी जळायचं नाही तर काय करायचं?

हे सगळं सुरू झालं त्या ओपन इलेक्टिव्हपासून. नवीन धोरणात आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यायचा होता, आणि विभागप्रमुखांनी मीटिंगमध्ये विचारलं, रसायनशास्त्राचा तास कोण घेणार? आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. तू चहा आणायला गेली होतीस. परत आलीस तोवर वर्ग तुझ्या गळ्यात पडला होता. मी तुला म्हटलंसुद्धा, "घे आता, डेबिट-क्रेडिटवाल्यांना रसायनातला मोल समजावून सांग." तू म्हणालीस, "मोल नंतर. आधी त्यांच्या घरात काय आहे ते बघू."

पहिल्याच तासाला तू खडू हातात घेतला नाहीस. पोरांना सांगितलंस, घरात ताकदीच्या म्हणून जेवढ्या गोळ्या, पावडरी, बाटल्या असतील त्यातलं एक काहीतरी घेऊन या. पुढच्या तासाला तुझ्या टेबलावर अख्खं मेडिकल दुकान उतरलं होतं. आईच्या हाडांच्या गोळ्या, आजीची रक्ताची गोळी, केस गळतीच्या कॅप्सूल, पाण्यात टाकली की फसफसणारी व्हिटॅमिन सी, आणि त्या जिमवाल्याचा बादलीएवढा प्रोटीनचा डबा, पुढे डरकाळी फोडणारा वाघ. मी काही काम नसताना दारावरून गेले. तू म्हणत होतीस, "पुढून बघू नका. पुढची बाजू ओरडत असते. डबी फिरवा आणि पाठ वाचा."

पाठ वाचा! मी दारातच थबकले. इतकी वर्षं शिकवते आहे, माझ्या तोंडात एकच वाक्य बसलंय: पाठ करा. आवर्तसारणी पाठ करा, संयुजा पाठ करा, उद्या विचारीन. आणि तू त्याच शब्दाला फिरवून डबीच्या मागे नेऊन चिकटवलंस. महिन्याभरात अख्ख्या कॉलेजात ते पसरलं. कँटीनमध्ये बिस्किटाचा पुडा घेतला तरी पोरं म्हणायची, "थांब, पाठ बघू." मला इतका राग आला होता की मी त्या आठवड्यात कँटीनमध्ये गेलेच नाही.

तुला ती सवय कुठून आली ते मला ठाऊक होतं. तुमच्या घरी कुठलीही वस्तू तोंडात जायच्या आधी एक प्रश्न असायचा: हे कशापासून? मासा असेल तर खवलं आहे का, कॅप्सूल असेल तर तिचं कवच कोणत्या जनावराच्या हाडाकातड्याचं. तुझी आई बिस्किटाचा पुडा डोळ्यांजवळ नेऊन वाचायची, म्हणून तूही वाचायचीस. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तुला येताना बघून पोऱ्याला पुढे करायचा आणि स्वतः मागच्या खोलीत जायचा. मी बाहेरची, चारचौघांसारखी पुस्तकातून रसायन शिकलेली. तुझ्याकडे ते स्वयंपाकघरातूनच आलेलं. मला त्याचाही हेवा वाटायचा, आणि तो कुणाला सांगण्यासारखाही नव्हता.

आणि तो कोरा चहा. जेवणात मटण झालं की पुढे बराच वेळ दूध नाही, हा तुमचा नियम. सुट्टीच्या दिवशी तू घरून जेवून आमच्याकडे यायचीस आणि बिनदुधाचा चहा मागायचीस. आईला तो अपमानच वाटायचा. "आमच्या घरान दूध नाय का? कोरा चाय कशाला पितंस?" तू दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचीस आणि ती दर वेळी विसरायची.

अशाच एका सुट्टीला आई रोजच्यासारखी तिची लाल गोळी दुधाच्या चहाबरोबर घ्यायला निघाली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "चहाबरोबर नको गं! टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही!" हे वाक्य मी तिला वर्षभर सांगत होते. वर्षभर ती मान हलवत होती आणि चहाबरोबरच गोळी घेत होती. तू उठलीस. पाकिटातून एक गोळी काढलीस, तिचा लाल मुलामा नखाने खरवडलास, चमच्याने चुरलीस आणि तुझ्या काचेच्या ग्लासातल्या कोऱ्या चहात टाकून ढवळलीस. मग ग्लास आईच्या हातात दिलास.

"बघत राहा, आई."

चहाचा रंग गडद होत होत काळा झाला. आईने ग्लास उजेडाकडे धरला.

"आगं बाय! ही त शाई झाली!"

"तुमच्या पोटात रोज हेच होतं. लोखंड आणि चहा एकमेकांना धरून बसतात. रक्ताला काही मिळतच नाही."

"मंग कशासंगती घ्यायची?"

"लिंबाच्या पाण्यासंगती."

आईने पुढे वाकून तुझी पाठ थोपटली. "शाबास गो रेबका," म्हणाली. तुझं नाव तिला शेवटपर्यंत नीट आलं नाही. मी भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होते. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा याच बाईने विचारलं होतं, "मंग सुई कवा मारनार?" नुसती कागदाची डॉक्टर आहे म्हटल्यावर तिचा सगळा रस संपला होता. माझ्या पाठीवर तिचा हात कधी पडल्याचं मला आठवत नाही. लहानपणी पडला असेल तर तो धपाटा.

त्यानंतर तुमचं दोघींचं एक नाटकच ठरून गेलं. सुट्टीच्या दिवशी तू यायचीस, गोळी तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरायचीस आणि विचारायचीस. कशाची गोळी? रक्ताची. कशापासून? लोखंडापासून. कशासंगती? लिंबासंगती. कशासंगती नाय? चायसंगती नाय. मग ती गोळी तोंडात टाकायची आणि तुझ्या पाठीवर थाप द्यायची. बाकीच्या दिवशीही घ्यायची, पण पुढच्या वेळी तू विचारशील म्हणून. मी आत मासे तळत ते ऐकत असायचे. मला ते पोरकट वाटायचं. खरं सांगू? मला आत घेतलं नाही म्हणून पोरकट वाटायचं.

तुझ्या वर्गाला आणि माझ्या वर्गाला मध्ये लाकडी पार्टिशन होतं, हे माझं दुर्दैव. इकडे मी बंधांचे प्रकार सांगतेय आणि तिकडून हशा. माझी बी.एस्सी.ची पोरं, ज्यांना खरं तर माझं ऐकायचं होतं, कान तिकडे लावून बसायची. एकदा तू चुंबक घेऊन गेली होतीस. रक्ताच्या गोळीला लावला, चिकटला नाही. पोरांनी आरडाओरडा सुरू केला. "मॅडम, कंपनीने चुना लावला! लोखंड नाहीच यात!"

तुझा आवाज आला, "आहे. पण एकटं नाही. कुणाशी तरी जोडलं गेलंय, म्हणून आधीसारखं वागत नाही."

"म्हणजे लग्न झाल्यावर माणूस बदलतो तसं?"

"असं समज."

स्टाफरूममध्ये मी तुला गाठलं. "लग्न? आयनिक बंध म्हणजे लग्न? Fe²⁺ सांगितलंस का तरी?"

"विचारतील तेव्हा सांगेन."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"कुंदा, चुंबक चिकटला नाही हे त्यांना कायम लक्षात राहील. नाव मागाहून चिकटेल."

"नाव चुकलं की वस्तूच चुकते, रिबेका. रसायनशास्त्रात नावाला महत्त्व आहे."

"तुला नावाचं महत्त्व जरा जास्तच आहे," तू म्हणालीस, आणि मला ते झोंबलं, कारण मी तेव्हा नोटीस बोर्डावर माझ्या नावापुढे डॉक्टर लिहिलं नाही म्हणून क्लार्कशी भांडून आले होते.

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. आधी नाव की आधी वस्तू. आपण ते लिफ्टच्या रांगेत भांडलो, सुपरव्हिजनला वर्गाच्या दोन टोकांना उभं राहून खुणांनी भांडलो. मी म्हणायचे, तू त्या कंपन्यांची फुकट जाहिरात करतेस. तू म्हणायचीस, जाहिरात पुढे असते, मी मागचं वाचायला लावते. यावर मी पेपरांचा गठ्ठा उचलून चालू पडायचे.

त्या जिमवाल्याच्या डब्याची गंमत मी आजवर तुझ्यासमोर मान्य केली नव्हती. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध तू त्याच्या प्रोटीनच्या पावडरीत टाकलंस आणि सगळं निळंकाळं झालं. कामोठ्याचा तो गडी हादरला. "मॅडम, म्हणजे मी पीठ पीत होतो?" तू म्हणालीस, "स्टार्च आहे. घावन घातलं असतंस तर स्वस्तात पडलं असतं." पार्टिशनच्या अलीकडे मी तोंडात पदर कोंबून हसले. मग पोरांकडे वळून म्हटलं, लक्ष इकडे.

पण मिठाचं तू केलंस ते मला खरंच लागलं. उरणकडच्या एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, सोडियम क्लोराइड म्हंजे आपला मीठच ना? मंग त्याला येवरा मोठा नाव कशाला?" आणि तू त्याला माझ्या बाबांच्या मिठागराची गोष्ट सांगितलीस. खाडीचं पाणी कसं घेतात, ते अडवायला कोंडी कशी बांधतात, उन्हाने आधी काय खाली बसतं आणि मीठ कधी धरतं, सगळं. मीच कधीतरी तुला डबा खाताना सांगितलेलं. मग म्हणालीस, हाडांच्या गोळीत आहे तो खडू, तोही एक प्रकारचं मीठच. रक्ताच्या गोळीत लोखंडाचं मीठ. मीठ म्हणजे फक्त जेवणातलं नव्हे. पोरांना क्षार हा शब्द तेव्हा कळला असेल. भिंतीपलीकडे मी उभी होते, मिठागरवाल्याची मुलगी. माझ्या पायाला लहानपणी मिठाने पडलेल्या भेगा अजून आहेत, आणि इतक्या वर्षांत मी वर्गात कधी त्या मिठाचं नाव घेतलं नव्हतं. मला वाटायचं, त्याने माझं शिक्षण कमी दिसेल. माझं मीठ तू वापरलंस, रिबेका. आणि माझ्यापेक्षा चांगलं वापरलंस. हा माझा राग कुठे ठेवू?

मग तू आजारी पडलीस. तुझी भावंडं सगळी इस्राएलला, तू एकटी इथे. "तिकडे येऊन मी शिकवू कुणाला, सगळ्यांना सगळं येतं," असं भावाला फोनवर सांगायचीस. तुझ्या आजारातही मला चैन नव्हतं. तुझ्याकडे यावं तर आधीच पोरं बसलेली. कुणी शहाळं आणलंय, कुणी पाय चेपतंय, कुणी औषधाच्या बाटलीची पाठ मोठ्याने वाचून दाखवतंय आणि तू डोळे मिटून उच्चार सुधारतेस. मला बसायला खुर्ची मिळायची नाही. मी खिडकीत उभी राहून बाहेर रिक्षा बघायचे आणि मनात म्हणायचे, मी हिला या सगळ्यांच्या आधीपासून ओळखते.

ती दुपार आठवते? पोरांची परीक्षा होती, त्यामुळे मी एकटीच होते. वेदना कमी व्हायच्या नवीन कॅप्सूल आल्या होत्या. अर्धी लाल, अर्धी पिवळी. तू विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून मी येतानाच मेडिकलवाल्याला छळून आले होते. कवच कशाचं, नक्की का, कंपनीला फोन लाव. उत्तर तयार ठेवलं होतं. वनस्पतीचं आहे गं, बेलाशक घे. मी कॅप्सूल तुझ्यापुढे धरली. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. तोंड उघडलंस.

मला आधी आनंद झाला. मनात आलं, एकदा तरी हिने माझ्या शब्दावर, न फिरवता, न वाचता काही घेतलं. पाणी पाजताना मात्र मी ग्लास मध्येच थांबवला. ज्या बाईने जन्मभर कशापासून विचारल्याशिवाय घोट घेतला नाही, ती आता विचारत नव्हती. मी ते उत्तर तरीही सांगायला हवं होतं. वनस्पतीचं आहे, एवढंच. ते सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे सांगते.

तू गेलीस आणि विभागप्रमुखांनी तुझा वर्ग मला दिला. म्हणाले, "तुम्ही दोघी इतक्या जवळच्या." मी वर्गात शिरले तर टेबलावर डब्या मांडून ठेवलेल्या, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आज कुठली पाठ?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फळ्यावर मूलद्रव्यांची नावं लिहिली आणि म्हटलं, "आज कुठलीही नाही. हे उतरवून घ्या आणि पुढच्या तासाला पाठ करून या." तुझे शब्द तोंडात घ्यायचे नाहीत, असं मी ठरवूनच गेले होते. पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि शहाण्यासारखी मान हलवली.

पुढच्या तासाला ती खरंच पाठ करून आली. पुठ्ठ्याच्या, कार्डपेपरच्या, वहीच्या पानांच्या. ज्या वस्तूंना पाठ नसते त्यांच्या पाठी पोरांनी घरी बसून केल्या होत्या. लिंबाची पाठ. आवळ्याची पाठ. कोऱ्या चहाची, खाली सूचना: रक्ताच्या गोळीबरोबर घेऊ नये. जिमवाल्याने घावनाची केली होती. उरणच्या त्या मुलाने मिठाची: घटक, सोडियम आणि क्लोरीन, थोडं मॅग्नेशियम, त्यामुळे पावसाळ्यात पाणी सुटतं. निर्माता, आजोबा. उत्पादन बंद, जागा गेली.

मी म्हटलं, "अरे, मी पाठ करायला सांगितलं होतं."

"केली ना मॅडम," तो निरागसपणे म्हणाला. "पाठच केली."

मला रडू की हसू कळेना. तू जाऊनही माझं वाक्य तुझ्याच भाषेत ऐकलं जात होतं. मी नाइलाजाने लाल पेन काढलं आणि त्याच्या मिठाच्या पाठीवर दुरुस्ती केली. क्लोरीन नव्हे, क्लोराइड.

"एका अक्षराने काय बिघडतं, मॅडम?"

त्या वर्गाने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हटलं, "क्लोरीन विषारी वायू आहे. हुंगलास तर फुप्फुसं जळतील. क्लोराइड तू रोज भातावर घेतोस. एका अक्षराने इतकं बिघडतं."

"आईशप्पथ," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग पेनं काढून आपापल्या पाठी तपासायला लागला. ऐकतेस ना? नावाला महत्त्व आहे. मी सांगत होते. आणि पार्टिशनच्या पलीकडे माझं ऐकून चिडायला कुणी नव्हतं. त्यानंतर मी त्यांना आमच्या मिठागराबद्दल सांगितलं. तू सांगितलं होतंस त्यात एक चूक होती, कोंड्यांची. ती मी दुरुस्त केली. सोडणार थोडीच.

घरी आले तर आई खाटेवर बसली होती, पांढरीफटक. गोळी वाटीत तशीच. आईची नावंही हल्ली घसरतात. मला कधी तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते, कधी शेजारणीच्या. मी दुरुस्त करते, ती पुन्हा चुकते. मी म्हटलं, "आई, घे ना. डॉक्टर रागावतील."

"मना नको."

मग मला एकदम ते कळलं, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कशाची? रक्ताची. कशापासून? लोखंडापासून. अगं, हे तर पाठांतर होतं! चक्क पाठांतर, रिबेका! जन्मभर तू मला नावं ठेवलीस आणि माझ्या आईला तू तेच करायला लावत होतीस, दर सुट्टीला, पाढ्यासारखं घोकून. भांडण मी जिंकले गं. पण हे कुणाला ऐकवू? तुझं तोंड बघायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

लिंबू पिळून पाणी केलं. गोळी तळहातावर घेतली आणि आईपुढे जमिनीवर बसले. तुझे शब्द तोंडात घ्यायला जीभ तयार होईना. आईचे हात गार पडले होते. शेवटी विचारलं.

"आई, कशाची गोळी?"

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. तिचे डोळे आता फारसे चालत नाहीत.

"रक्ताची."

"कशापासून?"

"लोखंडापासून."

"कशासंगती?"

"लिंबासंगती. चायसंगती नाय." हे शेवटचं तिने न विचारताच सांगितलं. गोळी उचलली, तोंडात टाकली, आणि वाटीभर लिंबाचं पाणी पिऊन टाकलं.

मग तिचा हात माझ्या खांद्यावरून मागे गेला. खडबडीत, मिठाने खाल्लेला तो हात माझ्या पाठीवर पडला आणि थोपटायला लागला.

"शाबास," ती म्हणाली. "शाबास गो रेबका."

आई, मी कुंदा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. जन्मभर पोरांची चुकलेली नावं लाल शाईने खोडत आलेली मी. तुझ्यावर इतकी जळले की विचारू नकोस. मेलीस तरी माझी शाबासकी तूच घेऊन गेलीस.

पण नाव मी दुरुस्त केलं नाही. आईचा हात थोडा खाली घसरला होता. मी जराशी वाकले, तिला पोचावं म्हणून.